उलटी उचल

गेल्या मे महिन्यात एका रविवारी सकाळी रेल्वेत गँगमन असलेले एक गृहस्थ माझ्या घरी आले. रेल्वेच्या कागदावर या कामाला आता दुसरे नाव आहे. पण पुणे-मिरज मार्गावर हातोडा घेऊन रूळ तपासत चालणाऱ्या माणसाला लोक अजून गँगमनच म्हणतात. ‘जयभीम सर’ म्हणून ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि पिशवीतून एक छापील पत्रक काढून माझ्यापुढे ठेवले. त्यांचा मुलगा बारावी विज्ञान चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला. आमच्या वस्तीतील विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते, तेथे दोन वर्षे तो कोपऱ्यात बसून भौतिकशास्त्राची गणिते सोडवीत असे. त्याला वैमानिक व्हायचे आहे. पत्रक विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थेचे होते आणि त्यावरचा आकडा वाचून मी तो पुन्हा एकदा एकं, दहं, शतं करीत मोजला.

गृहस्थ म्हणाले, ‘‘सर, नोकरी बी आपूनच करायची, आन् पैसं बी आपूनच भरायचं, ही कुठली रीत?’’

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, तरी त्या दिवशी मला त्यांना धड उत्तर देता आले नाही. पुढच्या काही महिन्यांत जे वाचले, विचारले, ते येथे मांडतो आहे. उत्तर त्यांना द्यायचे आहे. पण ज्या घरांतील पहिला मुलगा विज्ञान शाखेला गेला आणि आता त्याहून पुढे पाहू लागला, अशी घरे आपल्यात आज बरीच आहेत, म्हणून ते या पानांवर यावे असे वाटले.

प्रथम हा व्यवहार कसा चालतो ते पाहू. प्रवासी विमान चालवून पगार घ्यायचा तर व्यावसायिक वैमानिकाचा परवाना लागतो. तो केंद्राचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. त्यासाठी वैद्यकीय तपासणी, हवामान, दिशाज्ञान, हवाई नियम इत्यादी विषयांच्या लेखी परीक्षा आणि लहान विमानात किमान २०० तासांचे उड्डाण एवढे करावे लागते. प्रत्येक तासाला इंधन, विमानाचे भाडे आणि शिक्षकाचे मानधन पडते. म्हणून सगळा खर्च या २०० तासांत असतो. भारतात एवढ्यालाच साधारण ४५ ते ६० लाख रुपये लागतात. रायबरेलीजवळ फुरसतगंजला १९८५ साली केंद्र सरकारने स्थापन केलेली इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे. तेथे राखीव जागा आहेत, आणि फी सुमारे ४५ लाख. आपल्याकडे गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवरही अशी संस्था चालते. भोवती शेतात भाताची लावणी चाललेली असते आणि वर मुले तासाच्या हिशेबाने आकाश विकत घेत असतात.

परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली, असे आपल्यासारख्याला वाटते. तसे नाही. दोनचार माणसांच्या विमानावर शिकलेल्या मुलाला १८० प्रवाशांचे जेट विमान चालवता येत नाही. त्यासाठी त्या-त्या जातीच्या विमानाचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. (विमानांच्याही जाती असतात, आणि एका जातीच्या कागदावर दुसऱ्या जातीच्या विमानात प्रवेश मिळत नाही.) एअरबस ३२० साठी एक, बोइंग ७३७ साठी दुसरे. हे शिक्षण बहुतांशी जमिनीवरच्या कृत्रिम कॉकपिटमध्ये, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, काही आठवडे चालते आणि त्याला २० ते २५ लाख रुपये पडतात. हे पैसे कोणी भरायचे, हाच गँगमनचा प्रश्न.

भरण्याच्या तऱ्हा तीन. काही मुले परवान्यानंतर आपल्या खर्चाने टाइप रेटिंग करून घेतात आणि मग कंपन्यांच्या दारात उभी राहतात. काहींना कंपनी आधी निवडते आणि निवडीच्या पत्रासोबत शिक्षणाच्या खर्चाचा आकडाही हातात देते. तिसरी आणि आता सर्वांत गाजणारी तऱ्हा कॅडेट योजनेची. बारावी झालेल्या मुलाला कंपनी चाचणी घेऊन निवडते, आपण ठरवलेल्या संस्थेत पाठवते आणि शेवटी अटी पुऱ्या झाल्या तर नोकरीत घेते. या रस्त्याने गेले तर सगळे मिळून एक कोटी किंवा त्याहून अधिक खर्च येतो. पैसे मुलाचे आणि निवड कंपनीची.

गँगमनला ही रीत विचित्र वाटली, कारण त्यांनी दुसरी रीत डोळ्यांनी पाहिलेली आहे. रेल्वेत सहायक लोको पायलट म्हणून निवड झालेल्या मुलाला रेल्वे स्वतःच्या संस्थेत शिकवते आणि शिकत असताना विद्यावेतन देते. त्यालाही पायलटच म्हणतात आणि त्याच्याही मागे हजार-दीड हजार माणसे बसलेली असतात. हवाई दलाच्या वैमानिकाला देश शिकवतो; खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलाच्या बापाकडे शिक्षणाची फी मागत नाहीत. नागरी विमान कंपन्याही १९५३ साली राष्ट्रीयीकरण होऊन सरकारच्या झाल्या होत्या. इंडियन एअरलाइन्सचे वैमानिकांसाठी हैदराबादला स्वतःचे प्रशिक्षण केंद्र होते. सार्वजनिक उद्योग असल्यामुळे तेथे अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांचा नियम लागू होता. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे गेली आणि देशातील मोठ्या नागरी विमान कंपन्यांत राखीव जागा असलेली शेवटची कंपनीही उरली नाही. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी ‘महाराजा घरी परतला’ अशा थाटाची वर्णने छापली. आपल्यासाठी त्या दिवशी एक दार बंद झाले, ही बातमी मला कोठे वाचल्याचे आठवत नाही.

आता अर्थशास्त्र काय म्हणते ते पाहू. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात शिक्षणाचे दोन प्रकार केले. जे कौशल्य कोणत्याही मालकाकडे चालते ते सर्वसाधारण. जे एकाच मालकाच्या कामाचे ते विशिष्ट. सर्वसाधारण शिक्षणाचा खर्च मालक करणार नाही, कारण शिकलेला कामगार दुसऱ्याकडे निघून जाईल. तो खर्च कामगाराने सोसावा; विशिष्ट शिक्षणात मात्र मालकानेही वाटा उचलावा. टाइप रेटिंग या दोन्हींच्या मध्ये बसते. एअरबसचा कागद दुसऱ्या एअरबसवाल्याकडे चालतो, म्हणून कंपनी म्हणते, आम्ही का भरावे? पण तोच कागद बोइंगवाल्याकडे चालत नाही, म्हणजे कामगार मोकळाही नाही. बेकरने कामगाराला कर्ज काढण्यात येणारी अडचण मान्य केलेली आहे: माणूस स्वतःला तारण ठेवू शकत नाही. आपल्या देशात माणूस स्वतःला पिढ्यान् पिढ्या तारण ठेवीत आला आहे, हे त्यांना कोणी सांगितले नसावे.

शिकवलेला माणूस निघून जाऊ नये म्हणून जुनी तोड होती ती कराराची. खर्च देणाऱ्याने करायचा आणि घेणाऱ्याने ठरावीक वर्षे नोकरी करायची. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तेव्हा परत येऊन दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांचे काय हाल झाले, ते येथे पुन्हा सांगायला नको. करार जाचक होता की नव्हता, हा प्रश्न वेगळा. मुद्दा एवढाच की पैसे देणाऱ्याने बंधन घातले होते. रामजी सुभेदारांच्या घराने न्यूयॉर्कचा खर्च आधी भरावा आणि वर दहा वर्षांचा कागदही लिहून द्यावा, असे कोणी म्हटले नव्हते.

आज मात्र दोन्ही मागितले जाते. खर्च वैमानिकाचा, आणि पुष्कळ ठिकाणी त्यावर ठरावीक वर्षांचा करारही त्याच्याच सहीचा. २०१७ साली महासंचालनालयाने नियम केला की नोकरी सोडायची तर कप्तानाने एक वर्ष आणि सहवैमानिकाने सहा महिने आधी सूचना द्यावी. कंपनीचे दिवाळे निघताना अशी सूचना मिळत नाही. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. त्या कंपन्यांच्या विमानांसाठी ज्यांनी वीस-वीस लाख भरून कागद मिळवले होते, त्यांच्या हाती कागद आणि हप्ता दोन्ही राहिले. शिवाय हा कागद घरात ठेवून टिकत नाही. परवाना आणि रेटिंग जिवंत ठेवायचे तर ठरावीक काळाने पुन्हा उड्डाण, पुन्हा तपासणी, पुन्हा पैसे. बेकार बी.ए.ची पदवी निदान शिळी होत नाही.

आमच्या सातारा भागात दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. मुकादम त्यांना हंगामापूर्वी उचल देतो, आणि त्या उचलीत तो कोयता बांधला जातो. उचल फिटेपर्यंत आजारी पडायचे नाही, मुकादमापुढे तोंड उघडायचे नाही. ही वेठ आपण ओळखतो. वैमानिकाच्या नोकरीत उचल उलटी झालेली आहे. येथे कामगारच मुकादमाला उचल देतो आणि बांधला जातो तो पुन्हा कामगारच. लाखांचा पगार घेणाऱ्याची ऊसतोड्याशी तुलना काहींना अतिशयोक्त वाटेल. पगाराची तुलना मी करीत नाही. पोटात कर्ज घेऊन कामावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडाचे काय होते, एवढेच मला पाहायचे आहे.

युरोप-अमेरिकेत ही गोष्ट आपल्या पुढे गेलेली आहे. तेथे काही ठिकाणी नुसते शिक्षण नव्हे, तर प्रवासी भरलेले विमान चालवण्याचे तासच वैमानिकाला विकले गेले. नव्या मुलाकडे अनुभवाचे तास नसतात आणि तासांशिवाय नोकरी नसते, म्हणून तो पैसे भरून सहवैमानिकाच्या खुर्चीत बसतो. मागे बसलेला प्रवासी तिकीट काढून बसलेला, आणि पुढे उजव्या हाताला बसलेलाही एका अर्थी तिकीट काढूनच बसलेला. युरोपातील वैमानिकांच्या संघटनांनी या प्रकाराला उघड विरोध केला आहे. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाचा २०१५ चा अभ्यास सांगतो की युरोपात सहातील एकाहून अधिक वैमानिक कंपनीचे सरळ, कायमचे नोकर नव्हते. कोणी मध्यस्थ संस्थेमार्फत, कोणी कागदावर स्वतःच ‘कंपनी’ होऊन काम करीत होते.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोलगन एअरचे विमान एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि घरातील एक अशी ५० माणसे मेली. विमानाचा वेग धोक्याइतका कमी झाल्याचा इशारा मिळाल्यावर कप्तानाने जे करायला हवे होते त्याच्या उलट केले, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. हा कप्तान पूर्वी अशाच पैसे भरून उड्डाणाचे तास मिळवण्याच्या कार्यक्रमातून आलेला होता. तेवढ्यावरून अपघात झाला असे मी म्हणणार नाही. चौकशी समितीनेही म्हटलेले नाही. पण त्याच्या शेजारी बसलेल्या सहवैमानिक तरुणीची हकीगत मला अधिक बोलकी वाटते. तिचा वर्षाचा पगार सोळा हजार डॉलरच्या आसपास होता. नोकरीच्या गावी भाड्याने राहणे न परवडल्यामुळे ती देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सिएटलहून, रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. तिला सर्दी झाली होती. कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणात ती कप्तानाला सांगते की आता आजारी असल्याचे कळवले तर बरे वाटेपर्यंत हॉटेलचा खर्च आपल्यालाच करावा लागेल. म्हणून ती उडाली. या अपघातानंतर अमेरिकन काँग्रेसने २०१० साली कायदा केला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तासांचा अनुभव आवश्यक झाला.

दुसरी घटना २४ मार्च २०१५ ची. जर्मनविंग्जचे विमान सहवैमानिकाने आल्प्सच्या डोंगरावर नेऊन आदळले आणि १५० जीव गेले. तो मनाच्या गंभीर आजाराने ग्रासलेला होता; हे मूळ कारण, आणि अशा आजाराचे असंख्य रुग्ण कोणालाही इजा करीत नाहीत, हेही लगेच सांगितले पाहिजे. पण फ्रान्सच्या तपास संस्थेच्या अहवालात एक हिशेब आहे. शिक्षणातील स्वतःच्या वाट्याचे ६० हजार युरो भरण्यासाठी त्याने सुमारे ४१ हजारांचे कर्ज काढले होते. आजारामुळे परवाना गेला तर उत्पन्न भरून देणारा पुरेसा विमा त्याच्याकडे नव्हता. आपण आजारी आहोत हे त्याने कंपनीला का सांगितले नाही, याची जी कारणे अहवाल देतो, त्यांत उड्डाणाचा हक्क आणि त्याबरोबर कमाई जाण्याची भीती आहे.

मला हे वाचताना परके वाटले नाही. याचे कारण येथे लिहावे की नाही यावर मी बरेच दिवस अडखळलो. मी आमच्या घरातील पहिला पदवीधर. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर आणि समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून शिकलो. पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनही पाच वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. कायम जागा निघाली तेव्हा संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने मला ‘इमारत निधी’चा आकडा सांगितला. जागा राखीव होती; निधी मात्र सर्वांना सारखा होता, तेवढी समता संस्थेने पाळली होती. मी पैसे दिले. वडिलांनी म्हशी विकल्या, बहिणीने गंठण दिले, उरलेले पतसंस्थेतून काढले. तो हप्ता आजही माझ्या पगारातून जातो. या नोकरीत मी वर्गात आंबेडकर शिकवतो आणि प्राध्यापकांच्या बैठकीत गप्प बसतो. एकदा एका विद्यार्थिनीला शिष्यवृत्तीच्या रकमेवरून कार्यालयात वाटेल ते बोलले गेले. मी दाराशी उभा होतो. मी काही बोललो नाही.

म्हणून मला कॉकपिटची गोष्ट कळते. माझ्या गप्प बसण्याने विमान पडत नाही. पण वैमानिकाच्या कामाचा मोठा भाग ‘नाही’ म्हणण्याचा आहे: हवा खराब आहे, उतरणार नाही, मी थकलो आहे, उडणार नाही, कप्तानसाहेब, तुम्ही चुकता आहात. ज्याने ही खुर्ची कर्ज काढून विकत घेतली आहे, त्याच्याकडून आपण हे तीन नकार मागतो आणि त्याच्या तोंडावर हप्त्याचा हात ठेवतो.

हे झाले आत गेलेल्याचे. आपला प्रश्न त्याआधीचा, दाराबाहेरचा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर लागते. म्हणजे पन्नास लाखांच्या शिक्षणाला घर, प्लॉट, जमीन असे काहीतरी हवे. गुणपत्रिका तारण होत नाही. केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्ती योजनेत वैमानिकाच्या परवान्याची दखल घेतलेली होती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण खासगी फ्लाइंग क्लबसाठी मर्यादा होती वर्षाला ३ लाख ७२ हजारांची. तेवढ्यात किती तास उडता येईल याचा हिशेब वाचकांनीच करावा. कंपनी जाहिरातीत म्हणते, आम्ही जातपात पाहत नाही. खरेच पाहत नसेल. ते काम तिच्या वतीने सातबारा करतो.

आमच्या गँगमनकडे सातबारा आहे. आजोबांच्या नावची दीड एकर, मूळची महार वतनाची. येसकर, तराळकी, मुडदे-मढ्यांची वर्दी, सरकारी टपाल या बारा महिन्यांच्या राबणुकीबद्दल मिळालेली ती जमीन. हे वतन म्हणजे गुलामीचे साधन आहे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध बिल आणले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली आणि जमिनी कुळांना नव्हे, त्याच घराण्यांना शर्तीवर परत दिल्या गेल्या. विकायची, गहाण ठेवायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा. शर्त आमच्या भल्यासाठी घातली, कोणी फसवून जमीन घेऊ नये म्हणून. ते खरेही आहे. पण मी गँगमनबरोबर बँकेत गेलो तेव्हा अधिकाऱ्याने उतारा हातात घेतला, ‘भोगवटादार वर्ग दोन’ हे शब्द वाचले आणि कागद आमच्याकडे सरकवला. बोलला मात्र गोड. म्हणाला, ‘‘मुलगा हुशार आहे, त्याला रेल्वेची परीक्षा द्यायला लावा.’’

बाहेर आल्यावर चहा घेताना गँगमनने मला विचारले, की तुमचे घर तारण ठेवता येते का. मग स्वतःच म्हणाले, ‘‘नको सर, राहू द्या.’’ माझे घरही बँकेकडेच आहे. पण हे मी त्यांना लगेच सांगितले नाही, आणि त्या अर्ध्या मिनिटात त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवले नाही.

मुलाने त्यानंतर पुण्याला जाऊन पहिली वैद्यकीय तपासणी करून घेतली आहे. डोळे उत्तम आहेत. बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आहे आणि सहायक लोको पायलटच्या परीक्षेचे पुस्तकही आणले आहे. हवामान आणि दिशाज्ञान यांची पुस्तके त्याच्या खाली ठेवलेली असतात. जमीन तारण ठेवण्याच्या परवानगीचा अर्ज मी माझ्या हाताने लिहून दिला. कारणाच्या रकान्यात काय लिहावे यावर आम्ही तिघे बराच वेळ बसलो होतो. शेवटी मुलाने सांगितले तसे लिहिले: ‘विमान शिकणेकामी.’ प्रांत कचेरीतील कारकुनाने ते दोनदा वाचले आणि विचारले, ‘‘विमान? की ट्रॅक्टर?’’ अर्जाला आवक क्रमांक मिळाला आहे.